सरावात खरं क्षेपणास्त्र सुटतं कसं? (लोड क्रू, पिना आणि मास्टर आर्म)

टेहळणीबुरूज

तीन घटना शेजारी शेजारी ठेवतो.

२५ मे १९८२, पश्चिम जर्मनी. ब्रिटिश हवाई दलाच्या फँटम विमानाने आपल्याच जॅग्वारवर साइडवाइंडर हे उष्णतेमागे जाणारं क्षेपणास्त्र सोडलं. जॅग्वार पडलं, वैमानिक इजेक्ट होऊन वाचला.

२२ नोव्हेंबर १९९५, जपानचा समुद्र. सरावात एका एफ-१५जे विमानाने दुसरं एफ-१५जे पाडलं. इथेही साइडवाइंडर, इथेही वैमानिक वाचला.

७ ऑगस्ट २०१८, एस्टोनिया. स्पेनच्या युरोफायटरमधून फ्रेंच मिराज २००० विमानांबरोबरच्या सरावात ॲमराम हे रडारवर चालणारं क्षेपणास्त्र सुटलं. ते कुणाला लागलं नाही आणि शोधूनही सापडलं नाही.

तिन्ही वेळा सराव, तिन्ही वेळा विमानावर खरं शस्त्र. प्रश्न दोन. सरावाला खरं क्षेपणास्त्र लावतातच कशाला? आणि ते चढवणाऱ्या टोळीच्या, म्हणजे लोड क्रूच्या कामात नेमकी कुठली पायरी अशी आहे, जिच्यावर हे थांबायला हवं होतं? "वैमानिकाने बटण दाबलं" एवढं उत्तर मला पुरत नाही.

कुलाबकर

साधारण सरावात खरं लावत नाहीत. अमेरिकी पद्धत सांगतो, तिची माहिती सगळ्यात जास्त उघड आहे.

हवाई लढाईच्या सरावाला एफ-१६च्या एका रेलवर (क्षेपणास्त्र अडकवायच्या पट्टीवर) 'कॅप्टिव्ह', म्हणजे न सुटणारं साइडवाइंडर असतं. डोकं खरं, मोटर आणि स्फोटक नाही. उष्णता शोधणारं डोकं चालू असल्यामुळे लक्ष्य पकडल्यावर वैमानिकाच्या कानात खराखुरा गुरगुराट येतो, पण ट्रिगर दाबला तरी रेलवरून काही हलत नाही. ॲमरामचं सरावी रूप आणखी साधं. ते विमानाला 'मी इथे बसलोय' एवढं सांगतं, पुढचा मारा संगणकात. तिसऱ्या रेलवर साइडवाइंडरच्याच आकाराचा नोंद-पॉड. त्यातून प्रत्येक विमानाची जागा, वेग, कोन जमिनीवर जातात आणि कोण 'मेलं' ते तिथे ठरतं. पॉडला मुद्दाम क्षेपणास्त्राचा आकार दिलाय, म्हणजे वेगळा रॅक लागत नाही आणि लोड क्रूला वेगळी पद्धत शिकावी लागत नाही.

रंग लक्षात ठेवा. पिवळा पट्टा म्हणजे स्फोटक भरलेलं, तपकिरी म्हणजे रॉकेट मोटरसारखं मंद जळणारं, निळा म्हणजे सरावी. सरावी बॉम्बमध्ये २५ पौंडांचा बीडीयू-३३ हा छोटा. जमिनीला टेकला की धूर सोडतो, म्हणजे नेम कळतो. ५०० पौंडांचा बीडीयू-५० निव्वळ वजन. चॅफ (रडारला फसवायला विमान हवेत सोडतं ते बारीक तंतू) सुद्धा सरावाचा वेगळा असतो. त्यातले तंतू असे कापतात की नागरी विमानतळांच्या रडारवर ढग उठू नये.

खडकी_बाजार

पहिल्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर: जी विमानं तातडीच्या उड्डाणासाठी तयार ठेवलेली असतात त्यांच्यावर खरं असतंच. २०१८चं युरोफायटर बाल्टिक देशांच्या हवाई पहाऱ्यावर लिथुआनियातल्या तळावर होतं. तिथे विमानं मोजकी. तीच पहाऱ्याला, तीच सरावाला. प्रत्येक वेळी खरं उतरवून सरावी चढवायचं आणि परतल्यावर पुन्हा उलटं करायचं, तर क्रू दिवसभर तेच करत बसेल. शिवाय क्षेपणास्त्र जितक्या वेळा हाताळाल तितकं झिजतं. म्हणून खऱ्यासकट सराव आणि वैमानिकाची शिस्त, अशी तडजोड होते. तडजोड म्हणून समजू शकतो, व्यवस्था म्हणून ती फार नाजूक आहे.

१९८२च्या फँटमवर मास्टर आर्म, म्हणजे सगळी शस्त्रं चालू-बंद करणारा मुख्य स्विच 'सेफ'मध्ये धरून ठेवण्यासाठी चिकटपट्टी लावायची पद्धत होती. त्या दिवशी ती लावलेली नव्हती. कोट्यवधींचं विमान आणि माणसाचा जीव चिकटपट्टीवर!

टॉर्क_रेंच

टेहळणीराव, दुसरा प्रश्न मोठा आहे, त्यामुळे लांबेल.

अमेरिकी लढाऊ विमानांचा लोड क्रू तिघांचा, बॉम्बरचा चौघांचा. एक नंबर म्हणजे टीम चीफ: चेकलिस्ट त्याच्या हातात आणि सही त्याची. दोन नंबर विमान तयार करतो, म्हणजे कॉकपिटमधले स्विच, रॅक, रेल, चाचणी. तीन नंबर शस्त्र तयार करतो आणि जॅमर चालवतो. जॅमर म्हणजे बॉम्ब उचलणारी बुटकी गाडी. एमजे-१ची ताकद ३,००० पौंड, मोठ्या एमएचयू-८३ची ७,०००. बॉम्बचे सुटे भाग जोडणारी माणसं वेगळी. त्यांचं काम दारूगोळ्याच्या आवारात चालतं आणि ट्रेलर विमानाशी पोचला की संपतं. दोन्ही गटांत सनातन भाऊबंदकी आहे, ते सोडा.

आता एफ-१६च्या पंखाखाली ५०० पौंडी बॉम्ब:

आधी विमानाची वही वाचायची. कुठल्या स्टेशनवर (शस्त्र लावायच्या जागेवर) काय आहे, काय बिघाड नोंदलाय. मग अर्थिंग, कॉकपिटमधले शस्त्रांचे सगळे स्विच बंद, वीज बंद, प्रत्येक रॅकमध्ये (बॉम्ब हुकांनी धरणाऱ्या यंत्रणेत) सुरक्षा पिन. दोन नंबर हे करतो आणि एक नंबर स्वतः जाऊन बघतो. नुसतं "झालं" ऐकून पुढे जायचं नाही.

मग रॅकची चाचणी. टेस्टर लावून बघायचं की सोडण्याचा इशारा दिला की तो येतो, आणि दिला नसताना तिथे व्होल्टेज शून्य आहे. हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

तोवर तीन नंबर ट्रेलरवरचा बॉम्ब तपासतो. लग (बॉम्बच्या पाठीवरचे अडकवायचे कान) पूर्ण आवळलेत का, फ्यूज (बॉम्ब फोडणारा भाग) सेफ आहे का, शेपटीचे पंख ढिले आहेत का. ५०० आणि १,००० पौंडी बॉम्बच्या दोन लगमध्ये अंतर १४ इंच, २,००० पौंडीत ३० इंच. एमएयू-१२ रॅकमध्ये दोन्हींसाठी हुक असतात.

जॅमर खाली आणून बॉम्ब सावकाश वर. एक नंबर हाताच्या खुणांनी तीन नंबरला सांगतो, कारण जॅमरच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. लग हुकात गेले, हुक बंद झाले, रॅकवरची खूण 'लॉक' दाखवते. मग जॅमरचा टेबल थोडासाच खाली. बॉम्बचं वजन रॅकने घेतलं का ते बघायचं. इथे घाई केली आणि एकच हुक बसलेला असेल तर बॉम्ब तिरका होऊन लटकतो, आणि खाली कोणाचा पाय आहे ते तेव्हा कळतं.

त्यानंतर स्वे ब्रेस. बॉम्ब डुलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेकणारे स्क्रू. ढिले राहिले तर उड्डाणात बॉम्ब हलत राहतो आणि सगळा मार लगवर बसतो. जास्त आवळले तर सुटताना बॉम्ब सरळ निघत नाही. दोन्ही बाजू सारख्या आवळायच्या, एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी असं करायचं नाही.

मग आर्मिंगची तार. एक टोक रॅकला, दुसरं फ्यूजला. बॉम्ब पडताना तार रॅककडेच राहते आणि फ्यूजमधून निसटते, तेव्हा फ्यूज जागा होतो. तार सैल लोंबली तर हवेत फडफडून तुटते. ताणून बसवली तर विमानाच्या धक्क्यातच ओढली जाऊ शकते.

सगळ्यात शेवटी कार्ट्रिज. एमएयू-१२मध्ये दोन. फुटल्यावर वायूच्या दाबाने हुक उघडतात आणि बॉम्ब खाली ढकलला जातो. हे शेवटी, पिन जागेवर असताना. कार्ट्रिज जळून काजळी धरते, त्यामुळे रॅक ठरलेल्या मुदतीत खोलून साफ करावा लागतो. न केल्यास बॉम्ब अडकतो. मग वैमानिक अडकलेल्या बॉम्बसकट उतरतो आणि तो सोडवायचं काम पुन्हा याच टोळीकडे.

पाऊसवेडी

टॉर्क_रेंच, भरतीनंतर हे शिकायला किती दिवस लागतात हे विचारत नाही. पण एकदा पास झालं की झालं का?

टॉर्क_रेंच

नाही ताई. अमेरिकेत मूळ प्रशिक्षण टेक्सासच्या शेपर्ड तळावर. नंतर तळावर आल्यावर तीनही माणसं एकत्र 'प्रमाणित' होतात, म्हणजे प्रमाणपत्र टोळीचं, त्या विमानासाठी, त्या शस्त्रासाठी. दर महिन्याला ठरलेली शस्त्रं सरावासाठी चढवून दाखवायची असतात. तपासणारा क्रू शेजारी उभा राहून चुका टिपतो. यादीत नसलेलं शस्त्र अनुभवी माणसालाही चढवता येत नाही.

रडार_मागे

क्षेपणास्त्रांची पद्धत वेगळी आहे, ती सुटायला नको. साइडवाइंडर ९एक्स सुमारे ८५ किलोचं. ते तिघं हातावर उचलून रेलवर सरकवतात. त्याच्या पाठीवरचे हँगर रेलच्या खाचेत घालून मागे ढकललं की डिटेंटमध्ये (रोखून धरणाऱ्या खटक्यात) अडकतं. अडकलं की नाही ते आवाजावर सोडायचं नसतं. पुढेमागे ओढून बघायचं. मग विजेचा जोड. डोक्यावरचं झाकण उड्डाणाआधीपर्यंत तसंच, कारण काचेवर एक ओरखडा पडला तरी डोकं वाया.

ॲमराम दीडशे किलोंच्या वर, त्याला जॅमर. एफ-१६च्या पंखांच्या अगदी टोकाला बहुधा ॲमराम दिसतं आणि साइडवाइंडर आत, याचं कारण बरेच जण उलटं समजतात. टोकाला जड वस्तू असली की पंखाची थरथर कमी होते. एलएयू-१२९ रेल दोन्ही क्षेपणास्त्रांना चालते, म्हणून ही अदलाबदल जमते. आणि म्हणूनच कुठल्या रेलवर काय आहे हे वहीत आणि कॉकपिटच्या पडद्यावर एकच असायला हवं. पडद्यात चुकीचं शस्त्र भरलं गेलं तर विमान वैमानिकाला खोटं सांगतं.

नाशिक_ओझर_रोड

व्होल्टेज शून्य असणं सगळ्यात महत्त्वाचं का, याचं सगळ्यात महागडं उदाहरण २९ जुलै १९६७, अमेरिकी विमानवाहू नौका फॉरेस्टल, टाँकिनचं आखात. एफ-४खालच्या रॉकेट पॉडमधून झुनी रॉकेट आपोआप सुटलं आणि समोरच्या ए-४ विमानाच्या इंधन टाकीत घुसलं. १३४ जण मेले.

चौकशीत जे निघालं ते लोड क्रूने पाठ करावं असं आहे. रॉकेट पॉडचा विजेचा जोड उड्डाणाच्या अगदी आधी, कॅटापल्टवर (डेकवरून विमान फेकणाऱ्या यंत्रावर) लावायचा असा मूळ नियम. तिथे वेळ जातो म्हणून जोड आधीच, पार्किंगमध्ये लावायची सवय पडली. बचाव म्हणून रॅकमधली पिन उरली होती. ती डेकवरच्या वाऱ्याने निघाली असावी असा निष्कर्ष. मग बाहेरची वीज तोडून विमानाच्या स्वतःच्या विजेवर जाताना एक झटका आला. दोन अडथळे होते. एक सोयीसाठी काढला, दुसरा वाऱ्याने नेला.

आणि त्या दिवशी डेकवर जुने १,००० पौंडी बॉम्ब होते, पातळ कवचाचे, कॉम्पोझिशन बी हे स्फोटक भरलेले. आगीत ते दीड मिनिटातच फुटू लागले, म्हणजे आग विझवणारे पुढे धावत असतानाच. नव्या बॉम्बनी बराच जास्त वेळ दिला असता.

कुलाबकर

तोफेचं उदाहरणही जोडतो. ११ ऑक्टोबर २०१८, बेल्जियमचा फ्लोरेन तळ. एका एफ-१६ची देखभाल चालू असताना व्हल्कन तोफ सुटली. समोर इंधन भरून उभं असलेलं दुसरं एफ-१६ जळून गेलं, आणखी एकाचं नुकसान झालं. दोघांवर कानाच्या इजेसाठी उपचार करावे लागले.

ही व्हल्कन, म्हणजे एम६१ तोफ एफ-१६मध्ये हायड्रॉलिकवर फिरते आणि २० मिमीची गोळी विजेने पेटते. विमान जमिनीवर, चाकांवर वजन असताना शस्त्रांची वीज तुटलेली असते, पण देखभालीसाठी ती अडवणूक बाजूला ठेवायची सोय करावी लागते, नाहीतर चाचणीच करता येणार नाही. सोय केली की उरते ती पिन आणि गोळ्यांचा रिकामा ड्रम. एफ-१६ सुमारे ५११ गोळ्या नेतं. रिकामी काडतुसं बाहेर न फेकता परत ड्रममध्येच जातात, आणि भरणारी गाडी एकीकडून नव्या ढकलत दुसरीकडून जुन्या काढून घेते. त्यामुळे बाहेरून बघून ड्रम रिकामा आहे की भरलेला ते कळत नाही. मोजणी कागदावर. आणि विमान उभं कुठल्या दिशेने करायचं, तोफेसमोर काय आहे, हा प्रश्न तोफ 'रिकामी' असली तरी विचारायचा असतो.

सुसाट

ते सगळं ठीक, पण युद्धात इतका वेळ कोण देणार? लोड क्रूच्या स्पर्धांचे व्हिडिओ बघा, पळापळ करून किती झटपट चढवतात. मला वाटतं वेग हेच खरं कौशल्य आहे.

टॉर्क_रेंच

स्पर्धेत वेळ हा गुणांचा एक भाग असतो. लेखी परीक्षा, गणवेश, हत्यारपेटीची तपासणी यांचेही गुण, आणि चढवतानाच्या प्रत्येक चुकीला कपात. सुरक्षेची मोठी चूक झाली तर घड्याळ काहीही म्हणो, उपयोग नाही. पेटीतला एक पाना गहाळ असेल तर ते विमान उडत नाही, मग ते कितीही लवकर भरलेलं असो. इंजिनात गेलेला पाना आणि शत्रूचं क्षेपणास्त्र यांचा परिणाम एकच.

युद्धातला वेग दुसरीकडून येतो: इंधन आणि शस्त्रं एकाच वेळी भरणं. काही वेळा इंजिन चालू ठेवूनही. त्यासाठी वेगळा पर्यवेक्षक, वेगळी चेकलिस्ट आणि कोण कुठे उभं राहणार याच्या ठरलेल्या जागा. त्यात पायऱ्या गाळत नाहीत, फक्त समांतर करतात.

खडकी_बाजार

सुसाट, फॉरेस्टलवर जोड आधी लावायची सवय वेगासाठीच पडली होती हे वर लिहिलंय बघा.

टेहळणीबुरूज

मग १९८२ आणि २०१८ला लोड क्रू निर्दोष? त्यांनी खरं क्षेपणास्त्र बरोबर चढवलं, पिना वेळेवर काढल्या, ते नीट सुटलंही.

टॉर्क_रेंच

चढवण्यात दोष नव्हता. पण विमान 'जिवंत' आहे हे बसणाऱ्याला ठणठणीत कळवणं हाही लोडिंगचाच भाग मानावा, असं माझं मत. वहीत लाल नोंद असते, वैमानिक सही करतो, ठीक. पण जो आठवडाभर निळ्या पट्ट्यांवर ट्रिगर दाबतोय त्याचं बोट वही वाचत नाही. सरावाचा हेतूच तो असतो: लक्ष्य, आवाज, ट्रिगर, विचार न करता. म्हणून खऱ्या शस्त्रासकट सराव असेल तर बोटाच्या पलीकडे काहीतरी तुटलेलं हवं. ब्रेकर (वीज तोडणारी कळ) ओढलेला, स्विच अडवलेला. आणि ते क्रूने करून वैमानिकाला बोट लावून दाखवायचं. नुसतं तोंडी बजावणं म्हणजे अडथळा नव्हे.

रडार_मागे

एक टप्पा कुणी लिहिला नाही. पिना पार्किंगमध्ये सगळ्या काढत नाहीत. धावपट्टीच्या टोकाला विमान थांबतं, तिथली टोळी खाली जाते. तोवर वैमानिकाने दोन्ही हात वर, दिसतील असे ठेवायचे. लाल फिती लावलेल्या पिना काढायच्या आणि मोजून वैमानिकाला दाखवायच्या. तिथेच शेवटची नजर: गळती, टायर, सैल पॅनेल. उतरल्यावर हेच उलट क्रमाने. पंख्यासारखं फिरणारं इंजिन डोक्याशी असताना हे होतं, त्यामुळे कुणी कुठून यायचं नि कुठून जायचं हेही ठरलेलं.

भद्रावतीचा_बाण

आपल्याकडचं कोणी लिहिणार आहे का? पुण्याच्या लोहगावच्या २० स्क्वाड्रनची सुखोई-३० एमकेआय २००८मध्ये अमेरिकेतल्या नेलिस तळावरच्या रेड फ्लॅग या हवाई युद्धसरावाला गेली होती. रेड फ्लॅग १९७५मध्ये सुरू झाला तो व्हिएतनाम युद्धाचा हिशोब मांडून. पहिल्या दहा मोहिमा निभावल्या की वैमानिक वाचायची शक्यता एकदम वाढते, तर त्या दहा घरीच घडवाव्यात. आपल्याकडे डावपेच शिकवणारी टॅकडी ही संस्था १९७१मध्ये आदमपूरला सुरू झाली, आता ग्वाल्हेरला आहे.

नाशिक_ओझर_रोड

सुखोईला शस्त्रं लावायच्या १२ जागा. आर-७३ क्षेपणास्त्र सुमारे १०५ किलोचं, रेलवरून पुढे सुटतं. आर-७७ पावणेदोनशे किलोचं, ते आधी खाली ढकललं जातं आणि मग त्याची मोटर पेटते. म्हणजे एकाच विमानावर दोन तऱ्हेच्या चाचण्या. ढकलणाऱ्या लाँचरमध्ये कार्ट्रिजचा प्रश्न येतो, रेलमध्ये डिटेंटचा.

ब्रह्मोस ही तिसरीच गोष्ट. अडीच टन, एकच, पोटाखाली. त्यासाठी विमानाचा सांगाडा मजबूत करावा लागला. ब्रह्मोस घेतलेलं सुखोई पहिल्यांदा उडालं ते इथेच, नाशिकला, २५ जून २०१६ला. पहिला मारा २२ नोव्हेंबर २०१७, बंगालचा उपसागर. वर दिलेल्या दोन्ही जॅमरचे आकडे बघा. एमजे-१ इथे कामाचाच नाही.

खडकी_बाजार

आणि ९ मार्च २०२२. विमानाचं नाही, जमिनीवरच्या वाहनातून ब्रह्मोस सुटून पाकिस्तानात पडलं. तीन अधिकारी बडतर्फ झाले. न्यायालयात सरकारने मांडलेली बाजू अशी की लढाईसाठीचे विजेचे जोड जंक्शन बॉक्सला जोडलेलेच राहिले होते. ५५ वर्षांनी, वेगळं शस्त्र, वेगळा देश, आणि पुन्हा विजेचा जोड.

पाऊसवेडी

शेवटचा प्रश्न. पावसाळ्यात काय करतात? लोहगावला जूनमध्ये वीज कडाडत असते.

टॉर्क_रेंच

नुसता पाऊस असेल तर काम चालतं, विजेचे जोड झाकून. ओल्या जोडात गंज आणि गळका व्होल्टेज, दोन्ही. वीज कडाडत असेल तर काम बंद. अमेरिकी तळांवर ५ सागरी मैलांच्या आत वीज पडल्याचा इशारा आला की क्रू विमानापासून दूर. बॉम्ब अर्धवट वर गेलेला असेल आणि वेळ मिळत असेल तर तो सुरक्षित अवस्थेला नेऊन जायचं: एकतर हुकात पूर्ण, नाहीतर परत ट्रेलरवर. जॅमरवर तरंगता ठेवून कुणी जात नाही. परत आल्यावर सोडलं तिथून पुढे धरायचं नाही. पिना, स्विच आणि व्होल्टेज पुन्हा पहिल्यापासून बघायचे, कारण मधल्या वेळात विमानाला कोणी हात लावला ते वहीत असेलच असं नाही.

कार्ट्रिज हाताळताना आणखी एक: रेडिओ आणि मोबाइल लांब. रेडिओ लहरींनी पेटू शकणारे भाग त्यात असतात, आणि किती ताकदीचा ट्रान्समीटर किती अंतरावर चालेल याचा तक्ता चेकलिस्टबरोबरच दिलेला असतो.